छातीचा ‘फोटो’ : फिल्मवरचा आणि डिजिटल

आपल्याकडे एक्स-रेला ‘फोटो’ म्हणायची पद्धत आहे. “डॉक्टर, छातीचा फोटो काढलाय, एकदा बघता का?” हे वाक्य चिंचवडच्या माझ्या दवाखान्यात दिवसातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. मला हा शब्द आवडतो, कारण तो खरा आहे. एक्स-रे म्हणजे फोटोच. फरक इतकाच की तो उजेडाऐवजी क्ष-किरणांनी काढलेला असतो, आणि शरीरावर पडलेल्या उजेडाचा नसून शरीरातून आरपार गेलेल्या किरणांचा असतो.

मला कॅमेऱ्याचा नाद कॉलेजपासून आहे. तेव्हा फिल्मचा कॅमेरा होता, ३६ फोटोंचा रोल जपून वापरायचा. आता डिजिटल आहे. फोटोग्राफी करणारे चार मित्र जमले की एक वाद हमखास निघतो : उजेड आणि सावली दोन्ही जास्त चांगली कोण पकडतं, फिल्म की डिजिटल? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या एक्स-रे विभागांतही हाच बदल झाला. डार्करूम गेल्या, कॉम्प्युटर आले. फोटोग्राफीत हा वाद हौसेचा असतो. एक्स-रेच्या बाबतीत मात्र त्यावर कुणाच्या तरी फुफ्फुसाचं निदान अवलंबून असतं. फाउंड्री, वेल्डिंग आणि ग्राइंडिंगची कामं करणारी हजारो माणसं ज्या पट्ट्यात राहतात, तिथे तर हे समजून घ्यायलाच हवं.

डायनॅमिक रेंज म्हणजे काय?

समजा, भर दुपारी तुम्ही चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये उभे आहात. शटर वर केलेलं आहे. शटरपाशी तुमचा मित्र उभा आहे आणि त्याच्या मागे ऊन तळपतंय. तुमच्या डोळ्यांना मित्राचा चेहराही दिसतो आणि बाहेर उभा असलेला ट्रकही. आता फोटो काढा. एक तर बाहेरचा ट्रक नीट येईल आणि मित्र काळाठिक्कर दिसेल, नाहीतर मित्राचा चेहरा दिसेल आणि बाहेर नुसता पांढरा भगभगाट.

सगळ्यात उजळ जागा आणि सगळ्यात अंधारी जागा यांच्यातला जेवढा फरक कॅमेरा एकाच फोटोत तपशिलासकट पकडू शकतो, त्याला डायनॅमिक रेंज म्हणतात. मराठीत आपण ‘आवाका’ म्हणू. फोटोग्राफर तो ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला म्हणजे आवाका दुप्पट झाला. स्लाइडच्या फिल्मचा आवाका साधारण ५ ते ६ स्टॉपचा, रंगीत निगेटिव्हचा त्याच्या दुपटीच्या आसपास. आजचे चांगले डिजिटल कॅमेरे १४ स्टॉपपर्यंत जातात. १४ स्टॉप म्हणजे सगळ्यात अंधाऱ्या जागेच्या सुमारे १६,००० पट उजळ जागासुद्धा त्याच फोटोत सामावते.

आता छातीकडे या. छातीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी असतात. फुफ्फुसांत बहुतांश हवा असते, त्यामुळे किरण सहज आरपार जातात. मध्ये हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि पाठीचा कणा असतो, तिथून फार थोडे किरण पलीकडे पोहोचतात. म्हणजे छातीचा एक्स-रे काढणं हे शटरपाशी उभ्या असलेल्या त्या मित्राचा फोटो काढण्यासारखंच अवघड आहे. फुफ्फुस नीट दिसावं तर हृदयामागचा भाग कोरा पांढरा होतो. हृदयामागचा भाग दिसावा तर फुफ्फुस काळं होतं.

फिल्म : जी लगेच चूक दाखवायची

एक्स-रेच्या फिल्मवर चांदीच्या संयुगांचे अतिशय बारीक कण असतात. जिथे किरण जास्त पोहोचले तिथे डेव्हलपर लावल्यावर या कणांची काळी चांदी होते. म्हणून फुफ्फुस काळं आणि हाड पांढरं दिसतं. जुने एक्स-रे भंगारवाला आनंदाने घेतो तेही या चांदीसाठीच.

पण किरण दुप्पट केले की काळेपणा दुप्पट होतो, असं सरळ गणित फिल्मचं नाही. सुरुवातीला फिल्म जवळपास ढिम्म असते. मग एका टप्प्यात भराभर काळी होत जाते. नंतर पूर्ण काळी झाली की कितीही किरण टाका, फरक पडत नाही. कागदावर याचा आलेख काढला तर ओढून लांबवलेल्या जिन्यासारखा दिसतो : खाली सपाट, मध्ये चढ, वर पुन्हा सपाट. हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोघांनी इंग्लंडमध्ये १८९० साली तो मांडला. म्हणजे राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधण्याच्याही आधी.

आपल्या कामाचा तपशील फक्त मधल्या चढावर मिळतो. एक्स-रेच्या फिल्मचा हा चढ तसा अरुंद असतो. फिल्मच्या जातीप्रमाणे कमी-जास्त, पण काही दहापटींपासून शंभरेक पटींपर्यंत. त्यामुळे टेक्निशियनचा हात पक्का लागायचा. किरण कमी पडले तर फिल्म पांढुरकी, जास्त पडले तर काळी. दोन्ही वेळा पेशंटला परत यंत्रासमोर उभं राहावं लागायचं.

फिल्मचा एक गुण मात्र विसरू नये. ती काही लपवत नसे. जास्त किरण दिले की ती काळी पडून सांगायची, ‘इथे जास्त झालं.’ शिवाय फिल्मची बारकाई, म्हणजे अगदी जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दाखवायची ताकद, आजच्या बहुतेक डिजिटल प्लेटपेक्षा थोडी सरसच होती.

डिजिटल : आवाका मोठा, पण दिसतो त्याचा एक तुकडा

जपानच्या फुजी कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फिल्मऐवजी पुन्हा-पुन्हा वापरता येणारी प्लेट आणली. नंतर थेट कॉम्प्युटरला चित्र पाठवणारे डिटेक्टर आले. यांचं गणित सरळ असतं. दुप्पट किरण, दुप्पट सिग्नल. आणि आवाका साधारण १ ते १०,००० पटींचा. हृदयामागचं, फुफ्फुसातलं, बरगडीच्या टोकाचं, सगळं एकाच वेळी नोंदलं जातं.

मग प्रश्नच मिटला? नाही. खरी गोम पुढे आहे.

डिटेक्टर साधारण ४,०९६ किंवा त्याहून जास्त करड्या छटा नोंदवतो. मोबाईलचा नेहमीचा फोटो २५६ छटांत साठवला जातो. आपला डोळाही एका वेळी इतक्या छटा वेगळ्या ओळखू शकत नाही. त्यामुळे नोंदलेलं सगळं एकदम दाखवता येत नाही. त्यातला एक तुकडा निवडावा लागतो. आमच्या भाषेत त्याला ‘विंडो’ म्हणतात. खिडकी या बाजूला सरकवली की फुफ्फुस उलगडतं, त्या बाजूला सरकवली की हृदयामागचा भाग. तुमच्यापैकी ज्यांनी छातीचं सीटी स्कॅन केलंय त्यांनी एकाच छातीची दोन प्रकारची चित्रं पाहिली असतील, एकात फुफ्फुसाची जाळी स्पष्ट, दुसऱ्यात फुफ्फुस काळं आणि हृदय स्पष्ट. स्कॅन एकदाच झालेलं असतं. खिडक्या दोन असतात.

आणि आता महत्त्वाचं. डिजिटल एक्स-रे काढल्यावर पाकिटात घालून जी निळसर-काळी फिल्म तुमच्या हातात देतात, ती जुन्या अर्थाने फिल्म नाही. ती प्रिंट आहे. कुणीतरी एक खिडकी ठरवली आणि त्यातून दिसलेलं चित्र छापलं. यंत्राने पकडलेला १०,००० पटींचा आवाका त्या प्रिंटमध्ये नसतो. तो कॉम्प्युटरमधल्या मूळ फाइलमध्ये असतो.

भोसरीचे मामा

हे सगळं किती कामाचं आहे ते एका पेशंटवरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीच्या पुढचं. गाव लातूरकडचं. तरुणपणी भोसरीत आले आणि एका फाउंड्रीत फेटलिंगला लागले. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरची जास्तीची धार ग्राइंडर मारून काढायची. कास्टिंगला साच्याची वाळू चिकटलेली असते, ग्राइंडर लागला की तिची पिठासारखी धूळ उडते. वीस वर्षांहून जास्त काळ मामांनी हे काम केलं, बहुतेक वेळ तोंडाला फक्त रुमाल बांधून.

दोन महिने खोकला होता आणि दोन जिने चढले की धाप लागत होती. त्यांच्या भाच्याने आधी मला मोबाईलवर एक्स-रेचा फोटो पाठवला. घरातल्या ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला. त्या फोटोत दोन काळे पट्टे आणि मध्ये पांढरं हृदय, एवढंच दिसत होतं. खाली लिहिलं होतं : “सर, फुफ्फुस साफ आहे ना?”

मी सांगितलं, फिल्म घेऊन या आणि सेंटरवरून सीडी पण मागून आणा. घरात जुने एक्स-रे असतील तर तेही.

दवाखान्यात फिल्म पाहिली. प्रिंट गडद होती, फुफ्फुस काळंभोर. मग सीडी लावली आणि माऊसने खिडकी सरकवली. दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात रव्यासारखे बारीक, गोल ठिपके दिसू लागले. प्रिंटवर ते नव्हते असं नाही, पण काळ्यावर काळे होऊन बुडाले होते. मामा खुर्चीतून पुढे वाकून स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, “हे आधीपण होतं का, डॉक्टर?”

हा नेमका प्रश्न होता. वार्षिक तपासणीचे तीन जुने एक्स-रे त्यांनी घरी जपून ठेवले होते. त्यातले दोन दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेले होते. एक उरला होता, बराच जुना, खऱ्या फिल्मवरचा. पावसाळ्यात कोपऱ्याला थोडी बुरशी आलेली. तो व्ह्यू बॉक्सवर लावला, काळ्या भागामागे प्रखर दिवा धरला आणि नीट पाहिलं. वरच्या भागात ते ठिपके नव्हते.

इथे एक सावधगिरी लागते. फिल्म आणि डिजिटल यांचं ‘दिसणं’च वेगळं असतं. डिजिटल यंत्रातलं सॉफ्टवेअर कडा जास्त ठळक करतं, त्यामुळे कधी-कधी निरोगी फुफ्फुसातल्या बारीक रेषाही आजारासारख्या भासू शकतात. म्हणून ‘आधी नव्हतं, आता आहे’ असं एका नजरेत ठरवत नाहीत. रेडिओलॉजिस्टने दोन्ही चित्रं तपासली, थुंकीची टीबीसाठी तपासणी झाली, एचआरसीटी झालं, छातीच्या तज्ज्ञांनी कामाचा सगळा इतिहास विचारला. निदान झालं : सिलिकोसिस, सुरुवातीच्या टप्प्यातला. टीबी नव्हता.

सिलिकोसिसमध्ये वाळूतल्या सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात अडकून तिथे व्रण होतात. हे व्रण परत जात नाहीत. ते पुसून टाकणारं औषध आज नाही. सिलिकोसिस असलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. पण लवकर कळलं तर धूळ थांबवता येते, आणि तोच सगळ्यात मोठा उपाय आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने हा आजार कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत ठेवला. ईएसआय कायद्यातही तो कामामुळे होणारा आजार म्हणून धरला गेला.

मामांचं काम बदलून त्यांना स्टोअरमध्ये घेतलं. तंबाखू सुटली, बिडी सुटली. धाप पूर्ण गेली नाही आणि जाणारही नाही, पण वर्षभरात वाढलीही नाही. ईएसआयचा अर्ज करताना तो बुरशी लागलेला जुना एक्स-रे त्यांना कामाला आला. कामावर लागल्यानंतरच्या काळातलं स्वच्छ फुफ्फुस त्यात दिसत होतं. गेलेले दोन एक्स-रे असते तर ठिपके साधारण केव्हा सुरू झाले हेही सांगता आलं असतं. ते सांगायला आता कुणाकडेच काही नाही.

मोबाईलच्या फोटोचं काय?

एक्स-रेचा कॅमेऱ्याने फोटो काढणं ही काही नवी गोष्ट नाही. १९३६ च्या सुमारास ब्राझीलच्या मान्युएल द आब्रेऊ या डॉक्टरांनी चमकणाऱ्या पडद्यावर उमटलेल्या एक्स-रेचा छोट्या फिल्मवर फोटो काढायची पद्धत रूढ केली. १९५५ ते १९५८ या काळात भारतात टीबीचं पहिलं मोठं देशव्यापी सर्वेक्षण झालं, त्यात ही पद्धत वापरली गेली. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ते हेच दशक.

पण छोट्या फिल्मचा उपयोग चाळणीसारखा होता. संशय आला की माणसाला पुढच्या तपासणीला बोलवायचं, तेवढ्यावर निदान करायचं नाही.

मोबाईलचा फोटो तर त्याहून कमजोर असतो. मूळ चित्राचा आवाका एकदा प्रिंटमध्ये कमी झालेला. मोबाईल ट्यूबलाइटचा उजेड मोजून बाकीचं आणखी काळं करतो. मग व्हॉट्सअ‍ॅप फाइल लहान करताना बारीक ठिपके पुसून टाकतं. कधी फिल्म उलटी धरलेली असते आणि हृदय उजवीकडे दिसतं! असा फोटो पाठवून “एक्स-रे झालाय, कधी येऊ?” एवढं जरूर विचारा. पण त्यावर “काही नाही ना?” असं विचारू नका, आणि कुणी त्यावर “काही नाही” म्हटलं तर निर्धास्त होऊ नका.

“डिजिटल म्हणजे रेडिएशन कमी ना?”

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. उत्तर : कमी असू शकतं, पण आपोआप कमी होत नाही. किरण जास्त झाले तर फिल्म काळी पडायची आणि चूक उघड व्हायची. डिजिटलमध्ये उलट आहे. किरण कमी पडले तर चित्र रवाळ दिसतं आणि डॉक्टर तक्रार करतात. जास्त पडले तर चित्र उलट गुळगुळीत, छान दिसतं आणि कुणीच तक्रार करत नाही. त्यामुळे हळूहळू मात्रा वाढत जाण्याचा धोका असतो. यासाठीच डिजिटल यंत्र प्रत्येक एक्स-रेला एक आकडा दाखवतं, तो ठरलेल्या मर्यादेत आहे का हे टेक्निशियनने पाहायचं असतं. आपल्या देशात एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण आहे.

घाबरू मात्र नका. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट असते. जमीन, हवा आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणांची जागतिक सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. गरज असेल तेव्हा छातीचा एक्स-रे टाळणं जास्त महागात पडतं. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा.

मग तुम्ही काय करायचं?

१. एक्स-रे डिजिटल असेल तर फिल्म आणि रिपोर्टसोबत मूळ फाइल मागा. सीडी, पेनड्राइव्ह किंवा लिंक, जे मिळेल ते. “डायकॉम फाइल द्या” म्हटलं की सेंटरवाल्यांना कळतं. स्क्रीनवरच्या चित्राचा काढलेला फोटो म्हणजे ती फाइल नव्हे.

२. जुने एक्स-रे भंगारात देऊ नका. फाउंड्री, ग्राइंडिंग, सँड ब्लास्टिंग, दगडखाण किंवा वेल्डिंगचं काम करत असाल तर मुळीच नाही. त्यातल्या चांदीचे चार पैसे मिळतील, पण तुमच्या फुफ्फुसाचा इतिहास परत मिळणार नाही.

३. खऱ्या फिल्म कोरड्या जागी, उभ्या ठेवा. मध्ये कागद घाला. ओल्या हाताने धरू नका, घडी करू नका. पाकिटावर तारीख आणि तेव्हा कोणतं काम करत होता ते लिहून ठेवा.

४. कामावर लागताना आणि वार्षिक तपासणीत काढलेल्या एक्स-रेची प्रत मागून घ्या. कंपनी बदलली, ठेकेदार बदलला तरी फुफ्फुस तेच राहतं.

५. नवीन डॉक्टरांकडे जाताना फक्त शेवटचा एक्स-रे नेऊ नका. सगळे न्या.

६. एक्स-रे ‘नॉर्मल’ आला पण धाप वाढतेय, तर तिथेच थांबू नका. सिलिकोसिसच्या अगदी सुरुवातीला एक्स-रेत काही न दिसणंही शक्य असतं. श्वासाची तपासणी आणि गरज पडली तर सीटी करावं लागतं. धुळीत काम करता हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

फिल्म चांगली की डिजिटल, या वादात माझं मत विचाराल तर आवाक्यात डिजिटल पुढे आहे आणि दवाखान्यात मला तेच हवं. पण यंत्राने कितीही पकडलं तरी ते पेशंटपर्यंत आणि डॉक्टरांच्या नजरेपर्यंत पोहोचायला हवं. आज घरी गेल्यावर कपाटावरची, गादीखालची एक्स-रेची पाकिटं खाली काढा, तारखेप्रमाणे लावा आणि एका पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी ती पिशवी सोबत आणा.